डाव्या कानाचा पाहुणा

खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीभोवती फेरी मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नुसती फेरी नाही. चारही पाय हाताने हलवून बघायचे, वाकून खालून नजर टाकायची, पाठीवर दोन थापा मारायच्या आणि मगच टेकायचं. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, ढेकूण शोधताहेत. माझं तोंड एवढंसं झालं. मागाहून कळलं की विमानात चढण्याआधी पायलट विमानाला अशी फेरी मारतो, आणि नोकरी सुटून जमाना झाला तरी यांची फेरी काही सुटली नव्हती. ऑटोत बसायचं तर आधी तिन्ही चाकांना बुटाने ठोकून बघायचे. इथे भिलाईत मरोद्याच्या नाक्यावरचे ऑटोवाले त्यांना लांबून बघून एकमेकांना म्हणायचे, "लो, आ गए चेकिंगवाले." जेवायला वाढलं की ताटसुद्धा पूर्ण गोल फिरवून घ्यायचे. वरण सांडलं तरी चालेल, पण फेरी झालीच पाहिजे.

दुसरी खोड याहून वाईट. कशालाच लगेच चांगलं म्हणायचे नाहीत. चहाचा घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "रिपोर्ट कल दूँगा." आणि खरंच दुसऱ्या दिवशी द्यायचे. माझ्या पहिल्या चहाचा रिपोर्ट मला अजून पाठ आहे: "चीनी ज़्यादा, पत्ती कम, नीयत अच्छी." मी केलेल्या मासळीचा रिपोर्ट मी इथे लिहिणार नाही. बंगाल्यासमोर मासळी करायला गेले, तेव्हा जी शोभा व्हायची ती झाली. पण एक खरं, तोंडदेखलं बोलणं त्या माणसाला येतच नव्हतं. त्यांच्या भाचेसुनेने नवी साडी दाखवली की ती बिचारी आधीच सांगायची, "मामाजी, रिपोर्ट मत दीजिए."

स्वतःची ओळख ते "भूतपूर्व दुश्मन" अशी करून द्यायचे. जसं कुणी म्हणतं, मी या शाळेचा भूतपूर्व विद्यार्थी. तितक्याच मायेने.

होते ढाक्याचे. पासष्टच्या लढाईत ढाका पाकिस्तानात होतं, म्हणून हे पाकिस्तानचं लढाऊ विमान उडवत होते. पुढे बांगलादेश झाला आणि हे त्या देशाचे झाले. बहीण कलकत्त्यात दिलेली, तिचा मुलगा इथे स्टील प्लांटमध्ये इंजिनीयर. ढाक्याची थंडी ओली असते आणि गुडघ्यात शिरते म्हणून हे भिलाईच्या कोरड्या थंडीत भाच्याकडे यायचे, ते फागुन संपेपर्यंत राहायचे. हिंदी बोलायचे, पण सगळं रसगुल्ल्यात बुडवून. इथे मी त्यांचं बरंचसं मराठीत लिहिते. जिथे मराठीत मजा येत नाही तिथे त्यांचंच ठेवते.

आमची गाठ पडली ती विमानाच्या संग्रहालयात. नाव मोठं, संग्रहालय लहान. तलावाच्या वाटेवरच्या बागेत कंबरभर उंचीच्या ओट्यावर एक जुनं लढाऊ विमान उभं, बाजूच्या हॉलमध्ये उघडून ठेवलेलं एक इंजिन, एक पॅराशूट आणि भिंतीवर फोटो. शाळेची पोरं येतात, विमानाखाली डबे खातात. आमचे हे पूर्वी एअर फोर्समध्ये फिटर होते. प्लांटमधून रिटायर झाल्यावर दर मंगळवारी आणि रविवारी तिथे जाऊन आपल्या हाताने विमान पुसायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नाहीही म्हटलं नव्हतं. घरातला पंखा पुसा म्हटलं तर यांची कंबर धरायची. विमानाच्या पंखाला मात्र कंबर कधी धरली नाही.

एका रविवारी मी यांचा डबा घेऊन गेले, तर तिकिटाच्या खिडकीवर एक उंच म्हातारा वाद घालत होता. खिडकीवर पाटी होती: मुलांना अर्धं तिकीट, माजी सैनिकांना माफ. म्हातारा विचारत होता, "भाई, मैं भी भूतपूर्व सैनिक हूँ, मगर दूसरी तरफ़ का. मेरा क्या लगेगा?" खिडकीतल्या माणसाने आत जाऊन साहेबाला विचारलं. साहेबाने फोन करून त्याच्या साहेबाला विचारलं. शेवटी ठरलं की पूर्ण तिकीट. म्हातारा खूश झाला. म्हणाला, "सही है. पूरा ही लगना चाहिए."

मी त्यांच्या मागोमाग आत गेले. त्यांनी विमानाला फेरी मारली, चाकं दाबून पाहिली आणि पंख पुसत असलेल्या यांना तक्रारीच्या सुरात म्हणाले, "टायर में हवा नहीं है."

"उडवायचं हाय का?" हे म्हणाले. मग हिंदीत तेच पुन्हा म्हणाले.

म्हातारा हसला. मग खिशातून होकायंत्र काढून त्याने विमानाच्या नाकाची दिशा पाहिली आणि म्हणाला, "इसका मुँह मेरे घर की तरफ़ क्यों है?" (या एका गोष्टीसाठी त्यांनी पुढे दर वर्षी अर्ज केला. विमान वळवा, नाही तर निदान नाक थोडं बाजूला घ्या. अर्जाची पोच दर वर्षी मिळायची.) बोलता बोलता विचारपूस सुरू झाली. कोणत्या स्टेशनला होता? यांनी बंगालमधल्या आमच्या हवाई तळाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने डोक्यावरची लोकरी टोपी काढली.

"पैंसठ में?"

"पैंसठ में."

"उस सुबह?"

"उस सुबह."

"मैं ऊपर था," म्हातारा म्हणाला.

मी डबा छातीशी धरून उभी. यांनी बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, झटकलं. मग खांद्यावरचं दुसरं, कोरडं फडकं काढून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "तो फिर उधर का पंख आप पोंछो."

त्यांनी पुसला. मग तिघं त्या ओट्यावर बसून जेवलो. ओट्याला आधी फेरी झाली, हे सांगायला नको.

आता माझं सांगते. मी डबा छातीशी घट्ट धरला होता तो देशप्रेमाने नाही. भीतीने. त्या सकाळची गुन्हेगार मी आहे, असं मी पंचेचाळीस वर्षं धरून चालले होते, आणि आता साक्षीदार सापडला होता.

पासष्ट साली मी अठरा वर्षांची. लग्नाला चार महिने झालेले. अक्कल म्हणाल तर माहेरी नागपूरलाच राहिली असावी, कारण ट्रंकेत तरी ती नव्हती. ट्रंकेत होत्या रुखवताच्या कुरड्यांचा डबा आणि रुखवताचीच पांढरी चादर. तिच्यावर मी स्वतः लाल धाग्याने 'सुस्वागतम्' काढलं होतं आणि दोन्ही बाजूंना एकेक हिरवा पोपट. उजवा पोपट छान उतरला होता. डाव्याबद्दल आई एकदा काहीतरी म्हणाली होती. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हापासून कुणी काही म्हणालं नाही. यांनीही नाही.

बंगालच्या पावसाने कुरड्या सादळल्या. बुरशी धरणार एवढ्यात एका सकाळी लख्ख ऊन पडलं. आदल्याच दिवशी क्वार्टरच्या लाइनीत हुकूम फिरला होता की लढाई चालू आहे, उघड्यावर पांढरे कपडे वाळत घालायचे नाहीत, वरून दिसतात. मी हुकूम नीट ऐकला, समजला आणि मानलासुद्धा. एकही कपडा बाहेर घातला नाही. क्वार्टरच्या गच्चीवर पांढरी चादर अंथरली आणि तिच्यावर कुरड्या पसरल्या. कारण मी कपडे कुठे वाळवत होते? मी कुरड्यांना ऊन दाखवत होते! अशी हुशार मुलगी. सरकारने मला वकील करायला हवं होतं.

अर्ध्या तासाने विमानं आली.

लाइनीतल्या बायका पोरांना घेऊन खंदकाकडे धावल्या. मी गच्चीकडे धावले. चादरीची चारी टोकं धरून कुरड्यांचं गाठोडं केलं आणि ते घेऊन खंदकात उडी मारली, ती नेमकी गाठोड्यावरच. वर आभाळ फाटत होतं आणि खाली माझ्या कुरड्या मोडत होत्या. दोन्ही आवाज मला अजून वेगवेगळे ऐकू येतात.

तळावरची उभी विमानं जळाली. हे त्यांतल्या एकाजवळ होते. डावा कान तेव्हा गेला तो गेलाच. यांच्या शेजारी केरळचा एक फिटर होता, यांचा जोडीदार. मला मिठाच्या पुड्यांपासून केळ्यांपर्यंत सगळं आणून द्यायचा आणि वहिनी म्हणायला शिकला होता. तो उठलाच नाही.

मी काय केलं? मोडक्या कुरड्या खंदकातच मातीत पुरल्या. चादर ट्रंकेच्या तळाशी दडपली. यांनी दवाखान्यातून आल्यावर, कानाला पट्टी असताना, पहिली चौकशी केली ती कुरड्यांची. मी सांगितलं, वांदरं घेऊन गेली. कान गेला म्हणून यांनी पुढे एअर फोर्स सोडली, भिलाईला प्लांटमध्ये लागले, आमचं सगळं चांगलंच झालं. पोरं शिकली, घर झालं. पण यांच्या डाव्या बाजूने हाक मारली आणि यांनी वळून पाहिलं नाही, की दर वेळी मला वाटायचं: वरून आभाळातून बघणाऱ्याला मीच खाली 'सुस्वागतम्' अंथरून ठेवलं होतं.

आणि आता तो वरून बघणारा दर मंगळवारी, रविवारी संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसू लागला. "जयभीम, भाभी" म्हणायला यांनी त्यांना शिकवलं होतं. खुर्चीची तपासणी झाली की ते खुर्ची उचलून यांच्या डाव्या बाजूला ठेवायचे. नेहमी डाव्याच. मी एकदा सांगितलं, "दादा, उस कान से इनको सुनाई नहीं देता."

"मालूम है, भाभी. इसीलिए इधर बैठता हूँ."

आणि खरंच, चारचौघांतलं बोलायचं ते समोर बघून हिंदीत बोलायचे. मध्येच कधी वाकून यांच्या त्या बहिऱ्या कानात हळूच बंगालीत काहीतरी सांगायचे. बराच वेळ सांगायचे. हे मान डोलवायचे, शेंगा सोलायचे. मी एकदा यांना आत बोलावून विचारलं, "काय सांगत असतात हो ते?"

"मले काय मालूम?" हे म्हणाले. "गार गार वारा लागते कानाले. बरं वाटते."

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र माझ्याने राहवेना. हे उतईच्या बाजाराला गेले होते आणि ते लवकर आले होते. मी चहा ठेवला, आणि कप देताना सगळं सांगून टाकलं. हुकूम, कुरड्या, चादर, पोपट, खंदक, सगळं. केरळच्या फिटरचंही. शेवटी विचारलं, "दादा, मेरी चादर आपको दिखी थी क्या?"

मला वाटलं होतं, हा माणूस हसेल आणि म्हणेल, छे हो भाभी. त्यांनी कप खाली ठेवला. फिटरचं नाव विचारलं आणि वहीत बंगालीत लिहून घेतलं. मग उठले आणि म्हणाले, "रिपोर्ट दूँगा. मगर कल नहीं. तीन दिन लगेंगे."

तीन दिवस! आजोबा झालेल्या माणसाने म्हातारीला असं टांगून ठेवावं? पहिल्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "काऊन वं, तब्येत बरी नाही का? बोलून नाही राहिली." तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की ते आलेच तर घरी नाही म्हणून सांगायचं. पण घरी मीच एकटी होते, मग सांगणार कोण?

आले. टेबलाला फेरी मारली. स्वयंपाकघरातून लाटणं मागितलं, ते झालं धावपट्टी. मिसळणाचा डबा झाला हँगर. काडेपेटी माझं क्वार्टर. स्वतःसाठी त्यांनी लसणाची एक पाकळी घेतली. आणि मग माझी उलटतपासणी सुरू झाली, दुर्गच्या जिल्हा कोर्टात होत नसेल अशी. क्वार्टरचं दार कोणत्या दिशेला? दारात उभं राहिलं की सकाळचं ऊन कोणत्या गालावर पडायचं? पाण्याची टाकी कुठे? मी आठवून आठवून सांगितलं. त्यांनी काडेपेटी दोनदा सरकवली. मग लसणाची पाकळी टेबलाच्या कडेने अगदी खालून आणली, लाटण्यावरून नेली आणि मिसळणाच्या डब्याच्या अलीकडेच झपकन डावीकडे वळवली.

"रिपोर्ट," ते म्हणाले. "एक. हवाई पट्टी मैलभर लांब असते, ती आमच्या नकाशावर आधीपासून होती. ती शोधायला चादर लागत नाही. दोन. आम्ही दक्षिणेकडून आलो, झाडांच्या शेंड्यांना घासत. तुमची लाइन उत्तरेला, हँगरच्या मागे. मी हँगरच्या अलीकडून वळलो. तीन. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि इतका घाबरलो होतो की नाकासमोरचं सोडून मला काही दिसत नव्हतं. आपकी चादर मुझे नहीं दिखी. बिल्कुल नहीं दिखी."

"फिर तीन दिन क्यों लगाए?" मी ओरडलेच.

"पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, भला माणूस आहे, मन राखतोय. मला तपासून सांगायचं होतं." मग लसणाची पाकळी बोटात फिरवत म्हणाले, "और भाभी, वो केरल वाला फ़िटर. वो मेरा हिस्सा है. उसमें से आप कुछ मत लीजिए."

मी पदर तोंडाला लावून बरंच रडले. ते खिडकीबाहेर बघत बसले. रडून झालं, डोळे पुसले, आणि मग काय झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला अपमान वाटला! पंचेचाळीस वर्षं मी एका लढाईचं ओझं वाहत होते, आणि हा गृहस्थ म्हणतो माझी चादर दिसलीच नाही?

"दो तोते थे," मी म्हटलं. "इतने बड़े."

"नहीं दिखे."

"लाल धागे से 'सुस्वागतम्' लिखा था!"

"भाभी, मुझे तब देवनागरी आती ही नहीं थी."

मग आम्ही दोघं इतके हसलो की बाजारातून आलेले हे पिशवी घेऊन दारातच थांबले. त्या संध्याकाळी यांच्या उजव्या कानाशी बसून मी यांनाही सगळं सांगितलं. यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता कानाबद्दल बोलतील, जोडीदाराबद्दल बोलतील. हे म्हणाले, "म्हणजे वांदरायनं नाही नेल्या?"

"नाही."

"पंचेचाळीस वर्सं मी बंगालच्या वांदरायले शिव्या देऊन राहिलो ना वं!" आणि खरोखर हळहळले. मग थोड्या वेळाने माझा हात धरून म्हणाले, "येडी. एवढं एकटीनं काऊन धरून ठेवलं? मले एक कान तं होता ना."

भूतपूर्व दुश्मन चार हिवाळे आले. पाचव्याला गुडघ्यांनी परवानगी दिली नाही, आणि नंतर कधीच दिली नाही. विमानाचं नाक अजून त्यांच्या घराकडेच आहे. हे अजूनही, पोराच्या गाडीतून का होईना, महिन्यातून एकदा तिथे जातात आणि एकच पंख पुसतात. दुसऱ्या पंखाला हात लावत नाहीत. तो मी पुसते. कंबर माझीही धरते, पण कोण ऐकतंय?

पण मला सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटाचं. फागुन लागला होता, उन्हाला चटका आला होता. मी गहू भिजत घातले. तीन दिवस पाणी बदललं, चीक काढला, शिजवला. सोऱ्या यांनी दाबला, कारण तेवढं तरी देणं लागत होते. आणि ट्रंकेच्या तळातून ती चादर काढली. पिवळी पडली होती, पण लाल धागा अजून लाल होता. गच्चीवर अंथरली, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. कुरड्या मुद्दाम एका कडेला घातल्या, अक्षरं झाकू नयेत म्हणून.

ऑटो थांबल्याचा आवाज आला. मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. त्यांनी आधी उतरून ऑटोच्या चाकाला बूट मारला. मग आमच्या फाटकाशी आले, आणि वर बघून मी हात हलवते आहे हे पाहिल्यावर आत न येता घराभोवती फेरी मारायला निघाले. पूर्ण फेरी. मागच्या बाजूला जमीन उंच आहे, तिथून गच्ची दिसते. तिथे ते थांबले. टोपी काढली. उन्हासाठी कपाळावर हात धरला आणि बघत राहिले.

"दादा!" मी वरून ओरडले. "रिपोर्ट कल देंगे क्या?"

"नहीं, भाभी, आज ही," खालून आवाज आला. "साफ़ दिख रही है. सुस्वागतम् भी पढ़ लिया."

मी पदर सावरला, मान ताठ केली.

"मगर एक बात है," ते म्हणाले. "दाहिना तो तोता है. बायाँ मुर्गी है."